खालचा सूर



आपल्या चर्चमध्ये मला वाजवताना पाहणाऱ्या बहुतेकांना मी नेमके काय वाजवतो हे ठाऊक नाही. यात त्यांचा काही दोष नाही. सणाची मिस्सा संपली की लोक ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीचे कौतुक करतात, गायकवृंदाला शाबासकी देतात आणि माझ्याजवळ येऊन म्हणतात, "तुम्हीपण गिटार छान वाजवता हं!" मी हसून आभार मानतो. पण मी गिटार वाजवत नाही. मी बेस वाजवतो. दिसायला ते वाद्य गिटारसारखेच असते, पण त्याची मान लांब असते, तारा चारच असतात आणि त्या चांगल्या जाड असतात. त्यातली सर्वात जाड तार मोकळी छेडली, तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तो सूर इतका खालचा असतो की कानाआधी छातीला जाणवतो.

मी हे वाद्य निवडले नाही, ते माझ्या वाट्याला आले. आमच्या तरुणपणी चर्चच्या मुलांनी बँड काढायचे ठरवले, तेव्हा गिटारसाठी चार मुले तयार होती, ड्रमसाठी दोन, आणि गाण्यासाठी तर सगळेच. बेससाठी कोणीच नव्हते. आम्हाला नोटेशन शिकवणाऱ्या मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "तू घे. तुझे कान चांगले आहेत आणि तुला मिरवायची हौस कमी आहे." पहिली गोष्ट खरी असेल. दुसरी खरी नव्हती, हे मला पुढे कळले.

तेव्हापासून आजपर्यंत मी बेस वाजवत आलो आहे. आठवडाभर मुंबईत नोकरी केली आणि शनिवार-रविवारी लग्ने, वाढदिवस, सण, ऑर्केस्ट्रा असे जे मिळेल ते वाजवले. विरार लोकलच्या लगेजच्या डब्यात, माशांच्या टोपल्यांच्या शेजारी, बेस पोटाशी धरून किती रात्री घरी आलो याचा हिशेब नाही. या कामाने मला एक प्रश्न दिला, आणि त्याचे उत्तर शोधायला मला पुष्कळ वर्षे लागली. तोच आज तुमच्यापुढे मांडतो. ज्या कामात आपले नाव कधीच होणार नाही, ते काम मनापासून करावे का? आणि ज्याने ते केले, त्याचे नाव घ्यायला आपण विसरलो, तर तो नुसता विसराळूपणा आहे की अन्याय?

न दिसणारे काम

प्रथम हे काम काय असते ते सांगतो. वाद्यवृंदात ड्रम ताल धरतो, गिटार आणि ऑर्गन सुरांची बैठक देतात. या दोघांना एकत्र बांधण्याचे काम बेसचे. शिवाय, खालचा सूर बदलला की वरच्या सुरांचा अर्थ बदलतो. ऑर्गनवर सी, ई आणि जी हे तीन स्वर एकत्र दाबले, तर सी मेजर हा प्रसन्न कॉर्ड ऐकू येतो. ऑर्गनवाल्याने एक बोटही हलवू नये आणि मी खाली फक्त ए वाजवावा, की तोच कॉर्ड हुरहुर लावणारा होतो. ऐकणाऱ्याला वाटते ऑर्गनने कमाल केली.

आणखी एक गंमत आहे. छोट्या रेडिओला किंवा मोबाईलला इतका खालचा सूर काढताच येत नाही, त्याचा स्पीकर तेवढा मोठा नसतो. तरीसुद्धा आपल्याला बेस ऐकू येतो. मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले वरचे सूरही उमटत असतात. ते कानावर पडले की आपला मेंदू हरवलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे अनेकदा आपण बेस ऐकतो तेव्हा तो तिथे नसतोसुद्धा!

पण तो अजिबातच गेला तर काय होते, हे मी एका लग्नात पाहिले. रात्री मांडवात नाच रंगात आला होता. मध्येच माझा अँप्लिफायर बंद पडला. बाकी सर्व वाद्ये चालू होती, गायक गात होता. एकानेही माझ्याकडे वळून पाहिले नाही. पण दोन-तीन मिनिटांत पावले ढिली पडू लागली. काही जोडपी खुर्च्यांकडे गेली, कोणी पाणी प्यायला गेले. फ्यूज बदलून मी पुन्हा सुरुवात केली, तेव्हा माणसे हळूहळू परत आली. ती का गेली आणि का आली, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्या लग्नात माझी आजी होती. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "काल मध्येच गाण्यातला जीव गेल्यासारखं झालं. काय झालं होतं रे?" माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या वाजवण्याला मिळालेली ती सर्वात मोठी दाद! मी वाजवत नसताना मिळालेली!

डेट्रॉइटचा जेम्स

आमच्या या बेसवाल्यांच्या जगात एका माणसाचे नाव फार आदराने घेतले जाते. जेम्स जेमर्सन. १९३६ साली अमेरिकेच्या साऊथ कॅरोलिना राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. पुढे तो मोटारगाड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरात आला. तिथे १९५९ साली मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली. एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. जेमर्सन आणि त्याचे साथीदार तिथे रोज येत, आणि कंपनीच्या एकामागून एक गायकांसाठी वाजवत. 'माय गर्ल' हे गाणे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्याच्या अगदी सुरुवातीला जो एकटा बेस वाजतो, तो जेमर्सनचा. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडायचा आणि तुटल्याशिवाय तार बदलायचा नाही. आजही जगभर बेस शिकणारी मुले त्याचे वाजवणे सुरासुराने उतरवून घेतात.

साठच्या दशकात त्या कंपनीची गाणी जगभर गाजली. गायकांचे फोटो घराघरांत गेले. पण रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावे नसायची. १९७१ साली मार्विन गे या गायकाचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा संग्रह आला आणि त्यावर जेमर्सनचे नाव गौरवाने छापले गेले. तोपर्यंत बहुतेक श्रोत्यांना तो कोण हे माहीत नव्हते.

पुढे कंपनी लॉस एंजेलिसला गेली. जेमर्सनही मागोमाग गेला, पण तिथे त्याचा जम बसला नाही. दारूने त्याचे शरीर पोखरले होते. १९८३ साली कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. ज्यांच्या मागे त्याने वाजवले होते ते गायक रंगमंचावर होते. जेमर्सन प्रेक्षकांत बसून तो सोहळा पाहत होता. त्यानंतर काही महिन्यांतच, २ ऑगस्ट १९८३ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळीसाव्या वर्षी तो वारला. त्याला मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला तो २००० साली, आणि त्याच्यावर व त्याच्या साथीदारांवर चित्रपट निघाला तो २००२ साली.

त्याच्या दुःखाला फक्त नाव न मिळणे हेच कारण होते, असे मी म्हणणार नाही. व्यसनाचा वाटा मोठा होता. पण प्रेक्षकांत बसलेला तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. खाली टाळ्या पडत असतील तेव्हा त्याची बोटे मांडीवर तेच सूर वाजवत असतील का?

माझा राग आणि माझी चूक

आता स्वतःविषयी सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका भक्तिगीतांच्या कॅसेटसाठी मी बेस वाजवला. आठ गाणी होती. ऑफिसातून सुटून रात्री स्टुडिओत जायचे आणि शेवटच्या गाडीने परत यायचे, असे पंधरा दिवस चालले. कॅसेट हातात आली तेव्हा मी घाईघाईने तिचा कागद उलगडला. गायक, गीतकार, संगीतकार, प्रायोजक, इतकेच काय मुखपृष्ठावरचा फोटो काढणाऱ्याचेही नाव होते. वादकांबद्दल एकच शब्द होता, 'साथीदार'. मला फार वाईट वाटले. पैसे मिळाले होते, त्याविषयी तक्रार नव्हती. पण ती कॅसेट मी आईला दाखवली तेव्हा तिने विचारले, "यात तुझं नाव कुठे आहे?" आणि मला बोट ठेवायला जागा सापडली नाही.

एका ज्येष्ठांकडे मी मन मोकळे केले. ते म्हणाले, "अरे, देवासाठी केलंस ना? मग नाव कशाला हवं?" यावर काय बोलावे मला कळेना. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू देऊ नये, ही प्रभूची शिकवण मीही लहानपणापासून ऐकलेली. मी गप्प बसलो. पण मनात एक काटा राहिला. ज्यांचे नाव छापले होते त्यांनीही देवासाठीच केले होते ना? मग नम्रतेचा धडा फक्त मागच्या रांगेतल्यांनाच का?

हा काटा घेऊन मी अनेक वर्षे फिरलो. आणि मग एक दिवस मीच तेच केले.

एका मोठ्या कार्यक्रमाच्या संगीताची जबाबदारी माझ्याकडे होती. तीन महिने तालमी चालल्या. आमच्याबरोबर साठी ओलांडलेले एक गृहस्थ होते. ते साऊंड पाहायचे. सर्वांच्या आधी येऊन वायरी पसरायचे आणि सर्व गेल्यावर त्या गुंडाळून ठेवायचे. कोणाचा माईक कुरकुरतो, कोणाचा आवाज दबतो, हे त्यांना न सांगता कळायचे. कार्यक्रम उत्तम झाला. शेवटी मी आभार मानले. गायक, वादक, नृत्य बसवणाऱ्या बाई, मुलांचे आईवडील, चहापाण्याची सोय करणारे, सर्वांची नावे घेतली. त्यांचे घेतले नाही. यादीत लिहायचे राहिले होते.

चार दिवसांनी त्यांच्या मुलीची आणि माझ्या पत्नीची बाजारात गाठ पडली. बोलता बोलता ती म्हणाली, "पप्पांनी त्या दिवशी मुद्दाम नवीन शर्ट घातला होता. आम्हाला सगळ्यांना म्हणाले, आज शेवटपर्यंत थांबा, माझं नाव घेतील."

पत्नीने हे मला सांगितले आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. खरे सांगायचे तर यादी करताना त्यांचे नाव क्षणभर माझ्या मनात आले होते. पण मी स्वतःशी म्हटले होते, 'ते आपलेच आहेत. साधा माणूस, त्यांना कुठे नावाची हाव आहे!' आणि पुढचे नाव लिहायला घेतले होते. ज्या वाक्याने माझे तोंड बंद केले होते, तेच वाक्य मी दुसऱ्याच्या बाबतीत वापरले होते, आणि तेही त्याला न विचारता.

मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. ते म्हणाले, "राहू दे रे. कार्यक्रम चांगला झाला ना? मग झालं." त्यांनी मला चहा दिला. मला वाटते, त्यांनी मनापासून क्षमा केली. पण त्यांच्या मुलांसमोर जे व्हायला हवे होते, ते मला परत आणून देता आले नाही.

नाकारण्यासाठी आधी कोणी तरी द्यावे लागते

त्या दिवसापासून माझ्या प्रश्नाचे उत्तर मला हळूहळू दिसू लागले. नाव मिळो वा न मिळो, काम मनापासून करावे, हे खरेच. आजीने दिलेली दाद मला कोणत्याही वेष्टनावर छापलेली मिळाली नसती. खालचा सूर लावणारा स्वतःकडे लक्ष वेधू लागला, तर गाणेच बिघडते. बेसवाल्याची पहिली शिस्त हीच की गरज नसेल तिथे वाजवायचे नाही. पण ही शिस्त माझी मला लावून घ्यायची असते. माझी नम्रता ही मी देण्याची गोष्ट आहे. दुसऱ्याची नम्रता मी गृहीत धरली, तर मी त्याच्या खिशातून काही तरी काढून घेतो आणि वर त्यालाच सद्गुणी म्हणतो.

२०२५ साली एक बातमी आली. कॅरल के नावाच्या अमेरिकन बाई आहेत. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही, म्हणून गिटार वाजवणाऱ्या या बाईंच्या हाती बेस आला आणि पुढे हजारो ध्वनिमुद्रणांत त्यांनी तो वाजवला. जेमर्सनला २००० साली मिळालेला तोच 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'चा सन्मान त्यांना वयाच्या नव्वदाव्या वर्षी जाहीर झाला. त्यांनी तो नाकारला. स्टुडिओतील काम हे सर्वांनी एकमेकांच्या साथीने केलेले असते, त्याचे खरे रूप अशा सन्मानात उतरत नाही, असा त्यांचा एकूण सूर होता. त्यांचे बरोबर की चूक, हे ज्याने त्याने ठरवावे. मला मात्र एक गोष्ट उमगली. त्या नाही म्हणू शकल्या, कारण आधी कोणी तरी त्यांना देऊ केले होते. जेमर्सनला त्या रात्री नाही म्हणायची संधीसुद्धा नव्हती.

आपल्याकडचेच एक उदाहरण देतो. 'अमर अकबर अँथनी' हा १९७७ सालचा चित्रपट सर्वांना माहीत आहे. त्यातील गाण्यात अँथनी गोन्साल्विस हे नाव येते. ते कल्पनेतले नाव नाही. गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे हिंदी चित्रपटसृष्टीतील नावाजलेले व्हायोलिनवादक होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. शिष्याला संधी मिळाली तेव्हा त्याने गुरूचे नाव गाण्यात घातले. चित्रपटाच्या गाण्यांमागे वाजवणारे आपल्या समाजातील शेकडो हात अनामिक राहिले, पण हे एक नाव देशभर गल्लोगल्ली गायले गेले. गुरूंनी ते मागितले नव्हते. शिष्याला ते ऋण वाटले.

संत पौलाचे रोमकरांस पत्र आपण मिस्सेत अनेकदा ऐकतो. त्याच्या शेवटच्या अध्यायात फक्त नावेच नावे आहेत. फीबी, प्रिस्किल्ला, अक्विला आणि आणखी कितीतरी. घाईत वाचताना आपण तो अध्याय सोडून देतो. त्यात तर्तियुस नावाच्या माणसाचा एक नमस्कार आहे. हा तर्तियुस कोण? पौल सांगत होता आणि जो लिहून घेत होता तो लेखनिक. एवढ्या मोठ्या पत्रात त्याच्या वाट्याला एकच वाक्य आले. पण ते वाक्य पौलाने त्याला लिहू दिले. देवाला सर्वांची नावे ठाऊक असतात, हे पौलाइतके कोणाला माहीत असणार? तरीही त्याने माणसांसमोर ती नावे घेतली.

तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही खालचा सूर लावणारे पुष्कळ आहेत. सणाच्या आदल्या रात्री बाके पुसणारे, अल्तारावरची फुले बदलणाऱ्या बाई, आजाऱ्यांच्या घरी गुपचूप डबा पोहोचवणारे. आपल्या घरातही एक असते. रोजचे जेवण आयते समोर येते म्हणून कोणी बनवले हे आपण विचारत नाही. एखाद्या दिवशी ती आजारी पडली की मग घरातला जीव गेल्यासारखे वाटते. तो दिवस येण्याची वाट कशाला पाहायची?

गेल्या सणाला आम्ही पुन्हा कार्यक्रम केला. या वेळी यादीत पहिले नाव साऊंडवाल्या काकांचे होते. मी ते घेतले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मिक्सरमागून एक हात वर केला, आणि लगेच खाली वाकून वायर नीट करू लागले. त्यांना ते आवडले की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. ते ठरवण्याचा हक्क त्यांचा. नाव घेण्याचे काम माझे होते.